धाकटीचा गोटू

सोमवार, ४ मार्च

कुणाला सांगितलं तर म्हणतील, जळते. म्हणून इथे लिहितेय. जेवणाची सुट्टी आहे, आणि कॅन्टीनच्या या कोपऱ्यात पंख्याचा वारा लागत नाही, त्यामुळे कुणी बसायला येत नाही.

आजपासून माझी धाकटी जाऊ आमच्या ऑफिसात. राहते आमच्याच इमारतीत, एक मजला खाली. सासूबाई केव्हापासून मागे लागल्या होत्या, "तुझा शब्द चालतो ना तिथे? मग टाक की तिच्यासाठी." टाकला. साहेबांनी तिची मुलाखत घेतली आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "इतके दिवस कुठे लपवून ठेवली होतीत हिला?" मी हसले. गालसुद्धा दुखले हसताना.

आमची कंपनी दवाखान्यांसाठी कपडे धुण्याची अवाढव्य यंत्रं बनवते. चादरी, ब्लँकेटं, ऑपरेशनचे कपडे, सगळं एका वेळी. यंत्राचं लोखंड खाली वर्कशॉपमध्ये तयार होतं आणि त्याचा मेंदू वर आमच्या खोलीत. पाणी कधी घ्यायचं, ड्रम किती जोरात फिरवायचा, दाराचं लॉक कधी सोडायचं, हे ठरवणारा प्रोग्रॅम आम्ही लिहितो. आम्ही म्हणजे मुख्यतः मी. तो कसा लिहायचा याची नियमावलीसुद्धा माझीच.

साहेबांनी तिला खिडकीजवळ बसवलंय. ती जागा मी एकदा मागितली होती. तेव्हा म्हणाले होते, तिथे उन्हामुळे स्क्रीन दिसत नाही. हिला दिसतो वाटतं.

गुरुवार, ७ मार्च

चार दिवसांत तिला सगळ्यांची नावं पाठ. खालच्या वर्कशॉपमधले मेस्त्री, जे माझ्याशी कधी "हं" आणि "नाही" यापलीकडे बोलले नाहीत, ते आज तिला स्वतःहून नवीन यंत्र दाखवायला घेऊन गेले.

दुपारी ती साहेबांच्या काचेच्या केबिनमध्ये बराच वेळ होती. मी पाण्याची बाटली भरायला गेले. मग परत गेले, बाटली भरलेली होती तरी. ती मान हलवत होती, साहेब हात पसरून काहीतरी समजावत होते. बाहेर आल्यावर विचारलं, तर म्हणाली, "काही नाही ताई, असंच."

असंच काय?

संध्याकाळी साहेब जिन्यात भेटले. "तुमची जाऊ दर दोन वाक्यांत तुमचं नाव घेते हो."

आता हे कौतुक समजायचं की चहाडी? नाव घेऊन काय सांगते, ते नाही सांगितलं त्यांनी. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर दिसलं असतं.

रविवार, १० मार्च

सकाळी सासूबाईंनी मटार सोलायला काढला. धाकटी वर आलेली. आणि माझी लेक, जिला मी हाक मारली की ऐकू येत नाही, ती काकूच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेली.

"काकू, तू आणि आई दिवसभर काय लिहिता गं?"

"हेच. मटार सोलतो आम्ही," धाकटी म्हणाली. "बघ. शेंग घ्यायची, सोलायची, दाणे भांड्यात. परत पुढची शेंग. हा झाला लूप. आता ही शेंग पोचट निघाली. काय करशील?"

"टाकून देईन."

"आणि सोलणं थांबवशील?"

"छे, पुढची घेईन."

"याला म्हणतात कंटिन्यू. ही फेरी सोड, पुढच्या फेरीला लाग. आणि भांडं भरलं तर?"

"मग बास."

"तो ब्रेक. लूपच्या बाहेर. आणि मध्येच खालून मैत्रिणीने हाक मारली, तर सगळं सोडून पळायचं, तो रिटर्न. फक्त पळण्याआधी टरफलं उचलायची, हात पुसायचे, आणि भांडं आजीच्या पायात ठेवून जायचं नाही."

सासूबाई इतक्या हसल्या की मांडीवरचे दाणे सांडले.

मी ओट्याशी उभी. कंटिन्यूमध्ये एक मोठी गोम असते, ती तिने सांगितलीच नव्हती. फेऱ्या मोजायची ओळ कंटिन्यूच्या खाली लिहिलेली असेल, तर दर वेळी तिला वगळून वर जाणार, मोजणी वाढणारच नाही, आणि लूप जन्मभर फिरत बसणार. मी तेवढं म्हटलं.

लेक म्हणाली, "आई, तू मध्ये नको ना बोलू."

इतकी वर्षं मी हे काम करतेय. तिने मला एकदाही विचारलं नव्हतं, तू काय लिहितेस म्हणून.

नवरा म्हणतो, "तुझं तोंड वर्तमानपत्रासारखं घडी घालून ठेवलंयस. काय झालं?" म्हटलं, काही नाही. असंच.

बुधवार, १३ मार्च

आज सापडली.

नवीन यंत्राच्या पिळण्याच्या भागाचं काम साहेबांनी तिला दिलं होतं, तपासायचं मी. वाचत खाली आले आणि मधोमध गोटू! माझ्या नियमावलीच्या पहिल्याच पानावर लिहिलंय की गोटू वापरायचा नाही. गोटू म्हणजे प्रोग्रॅम चालता चालता एका ओळीवरून थेट भलत्याच ओळीवर उडी. जुन्या प्रोग्रॅममध्ये लोक अशा उड्या इतक्या मारायचे की वाचणाऱ्याला चक्कर यायची. वर जा, खाली ये, परत वर. मी उमेदवारीत असताना असलं एक जंजाळ निस्तरलंय. तेव्हापासून त्या शब्दाचा मला तिटकारा.

मी तिच्या टेबलापाशी गेले. सगळे होते खोलीत. हळू बोलता आलं असतं.

"हे काय आहे?"

"गोटू, ताई. पण फक्त खालीच जातो, वर कधीच नाही. आणि सगळे एकाच जागी. ड्रम एका बाजूला जड झाला, पाणी जास्त झालं, काहीही बिघडलं की तिथे यायचं. मोटर बंद, ड्रम थांबेपर्यंत वाट पाहायची, पाणी सोडायचं, मग दाराचं लॉक. कुठून का येईना, एकही पायरी सुटत नाही."

"नियमावली वाचलीस?"

"वाचली. म्हणून तर आधी तुम्हालाच दाखवायला—"

"मग गोटू नाही म्हणजे नाही. ब्रेक टाक. लूपमधून बाहेर पडलं की खाली हीच बंद करायची ओळ आहे."

"हो, पण ताई, तिथे मध्ये स्विच आहे ना, ब्रेकने तर—"

"मला ब्रेक शिकवतेस?"

खोलीत कळफलकांचा आवाज थांबला. "सरक," म्हटलं, तिच्या खुर्चीत बसले आणि सगळे गोटू काढून जागोजागी ब्रेक टाकले. ती उभी होती. पदराशी नाही, ओळखपत्राच्या दोरीशी चाळा करत.

उठले तेव्हा किती दिवसांनी मोकळा श्वास आला. खिडकीतून ऊन येत होतं. स्क्रीन चांगला दिसतो तिथे.

गुरुवार, १४ मार्च

धाकटीचा निरोप आला फोनवर. "ताई, त्या ब्रेकबद्दल एकदा बोलायचं होतं. पाच मिनिटं आहेत?"

मीटिंगमध्ये आहे म्हणून कळवलं. मीटिंग नव्हती. पण हिला दर गोष्टीत शेवटचा शब्द हवा असतो, तो कशाला द्यायचा?

मंगळवार, १९ मार्च

अक्षर वेडंवाकडं येतंय.

आज नवीन यंत्राची वर्कशॉपमध्ये पहिली खरी चाचणी. मी वरच्या कठड्याशी उभी, साहेब शेजारी, धाकटी खाली मेस्त्रींजवळ. साधी धुलाई नीट झाली. मग मुद्दाम एका बाजूला भार टाकून बघायचं ठरलं. मेस्त्रींनी भिजलेली ब्लँकेटं गोळा करून एका कडेला बांधली. अशा वेळी यंत्राला कळायला हवं की ड्रम हेलपाटतोय, आणि त्याने आपोआप थांबायला हवं.

थांबलं नाही. ड्रम धडधडायला लागला, बाजूच्या पॅनेलवर बिघाडाचा दिवा लागला, म्हणजे यंत्राला कळलं होतं. पण मोटर चालूच. सगळं यंत्र तळाच्या पट्ट्यांवरून सरकायला लागलं, जड प्राणी खुरडत चालावा तसं. पाण्याचा पाइप उखडला. धाकटी ओरडली, "मेस्त्री, मागे व्हा!" पण लाल बटण यंत्राच्या पलीकडच्या अंगाला. ते पाण्यातून धावले, घसरले, पडता पडता एका हाताने बटण दाबलं आणि दुसऱ्या हातावर पडले.

मनगट मोडलंय. दोन जागी. दवाखान्यात धाकटी गेली त्यांच्याबरोबर. तिची ओढणी झोळीसारखी बांधली त्यांच्या गळ्यात.

मग आम्ही वर खोलीत आलो. साहेबांनी विचारलं, "पिळण्याचा भाग कुणी लिहिला?" आणि सगळ्यांनी खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

मीसुद्धा.

बुधवार, २० मार्च

सकाळी सगळ्यांच्या आधी आले आणि ती पानं उघडली.

इतकं साधं आहे की पहिल्या वर्षाच्या मुलांना विचारतात. लूप सतत फिरत असतो. प्रत्येक फेरीत स्विचपाशी येतो. स्विच म्हणजे फाटा. यंत्र आत्ता पाणी भरतंय, की धुतंय, की पिळतंय, त्याप्रमाणे वेगळ्या वाटेने जायचं. ब्रेक त्या स्विचच्या आत लिहिलेला. आणि स्विचच्या आतला ब्रेक स्विचमधूनच बाहेर काढतो. लूपमधून नाही. खोलीतून बाहेर पडलं, घरातून नाही. लूप पुन्हा फिरला, पुन्हा पिळण्याच्या वाटेला लागला, पुन्हा बिघाड दिसला, पुन्हा ब्रेक, पुन्हा वर. मोटर बंद करायची ओळ लूपच्या खाली शांत बसून होती. तिच्यापर्यंत कुणी पोचलंच नाही.

"तिथे मध्ये स्विच आहे ना." हेच सांगत होती ती.

तिच्या गोटूने थेट त्या ओळीवर उडी घेतली असती. गोटू नकोच होता, तर आणखी दोन रस्ते होते. लूपच्या तोंडाशी एक खूण ठेवून ती बदलायची. नाहीतर स्विचचा भाग वेगळा काढून तिथून रिटर्न करायचं. मला दोन्ही येतात. मी नवशिक्यांना शिकवते. त्या दिवशी मी काहीच बघितलं नाही. मला फक्त ती उभी आणि मी तिच्या खुर्चीत, एवढंच बघायचं होतं.

बदल तिच्या संगणकावरून केला, म्हणजे त्यावर नाव तिचं. खोलीतल्यांनी मला बसलेलं पाहिलं, ओरडलेलं ऐकलं, पण शेवटी त्यातल्या कुठल्या ओळी कुणाच्या राहिल्या ते कुणाला ठाऊक नाही. आम्हा दोघींना सोडून.

साहेबांनी सोमवारी सगळ्यांना बोलावलंय. तोवर धाकटीने यंत्राच्या कामाला हात लावायचा नाही.

ती दिवसभर खिडकीबाहेर बघत होती. माझ्याकडे एकदाही नाही.

गुरुवार, २१ मार्च

का बोलत नाहीये ही? सोमवारची वाट बघत असेल. सगळ्यांसमोर काढेल. मग घरी, सासूबाईंसमोर. मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं.

सासूबाई मला म्हणाल्या, "तू मोठी आहेस. समज दे तिला, पण जपून दे. कोवळी आहे." मी कधी कोवळी होते का त्यांच्या लेखी, ते आठवत नाही.

दीर वर आला होता. दारातच उभा राहिला. "वहिनी, ती नीट जेवत नाहीये. मला काही सांगत नाही. फक्त म्हणते, मी हट्ट धरायला हवा होता. कसला हट्ट हो?"

म्हटलं, "मला काय माहीत?"

तो गेल्यावर नवऱ्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग कपबशा उचलल्या आणि विसळायला गेला. एरवी कधी विसळत नाही.

शुक्रवार, २२ मार्च

ऑफिसातून मेस्त्रींच्या घरी गेले. का, ते नीट सांगता येणार नाही. वाटेत सफरचंदं घेतली. दोन खोल्यांचं घर, दारात चपलांची रांग. मेस्त्री खाटेवर, हात प्लास्टरमध्ये, तोंड नेहमीसारखंच आंबट.

"या," म्हणाले. "आज तुमच्या घरच्यांचा वारच आहे वाटतं."

"म्हणजे?"

"धाकट्या बाई आत्ताच गेल्या. तासभर बसल्या. रडल्या. माफी मागितली." त्यांनी प्लास्टरच्या कडेखाली बोट घालून खाजवलं. "मी म्हटलं, बाई, चूक कुणाकडून होत नाही? तर म्हणतात, मला दिसत होतं मेस्त्री, तरी मी चाचणी होऊ दिली. मला काही समजलं नाही. तुम्हाला समजलं का?"

मी सफरचंदं त्यांच्या बायकोच्या हातात दिली आणि निघाले.

रस्त्याने चालत राहिले. बस सोडली, पुढचीही सोडली. खरं सांगायचं तर मला लाज वाटायला हवी होती, आणि वाटत होतीही. पण तिच्या वर, सायीसारखं, दुसरंच काहीतरी आलं होतं. राग. माफीसुद्धा तिनेच आधी मागितली! खिडकी तिची, मेस्त्री तिचे, साहेब तिचे, माझी लेक तिची. आणि आता माझी चूकही तिने उचलून नेली, पदरात घेतली, आणि त्यावर रडून मोकळी झाली. लोक तिला म्हणणार, पोर बिचारी. आणि मी? मी कुणीच नाही या सगळ्यात. मी तिथे नव्हतेच जणू.

ती चूक माझी आहे. ती तरी माझी राहू दे.

सोमवार, २५ मार्च

सगळे जमायच्या आधीच साहेबांच्या केबिनमध्ये गेले. दार लावलं.

"साहेब, तिचे गोटू मी काढले. ब्रेक मी टाकले. तिच्या खुर्चीत बसून."

त्यांनी चष्मा काढला. "ती असं काही बोलली नाही."

"त्या दिवशी सांगू पाहत होती. मी तोंड उघडू दिलं नाही."

"तुम्हाला हे कळलं कधी?"

"बुधवारी."

"आज सोमवार आहे."

बाहेर काचेपलीकडे लोक खुर्च्या ओढत होते.

मग म्हणाले, "तुम्हाला म्हणून सांगतो. ती आली त्याच आठवड्यात मी तिला दुसरं यंत्र स्वतंत्र द्यायला निघालो होतो. तुमच्या हाताखाली नाही, बरोबरीने. नको म्हणाली. म्हणे, मला आधी ताईंकडे शिकायचंय, त्यांच्या प्रोग्रॅममुळे आजवर कुणाला इजा झालेली नाही."

हे ऐकून मनातली आग विझायला हवी होती. उलट आणखी भडकली. चांगुलपणातसुद्धा हीच पुढे. पण बाहेर गेले आणि सगळ्यांसमोर तेच परत सांगितलं, पहिल्यापासून. धाकटी जमिनीकडे बघत होती.

नवीन यंत्राचं काम माझ्याकडून काढलं. तिला दिलं. नियमावलीही तीच पुन्हा लिहिणार. दोन गोष्टी मात्र माझ्याकडे राहिल्या. मेस्त्री बरे होईपर्यंत वर्कशॉपच्या चाचण्यांना मी उभं राहायचं. आणि ती लिहील ते मी तपासायचं. शेवटचं ऐकून सगळ्यांनी माना वर केल्या. साहेब म्हणाले, "का बघताय? यांच्याइतकं बारीक कोण वाचतं इथे?"

बुधवार, २७ मार्च

जिन्यात गाठलं तिने मला. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये, जिथून दोन्ही घरं ऐकू येत नाहीत.

मला वाटलं, मिठी मारेल. तयारी केली होती मनाची.

"ताई, मला तुमचा खूप राग आलाय," ती म्हणाली. "मी गप्प बसले ते तुमच्यासाठी नाही. तसं समजू नका. मी ते ब्रेक परत काढू शकले असते. संगणक माझा होता. पण तुम्ही ओरडाल म्हणून भ्याले आणि चाचणी होऊ दिली. मेस्त्रींचा हात माझ्या भित्रेपणाने मोडला. तो हिशेब माझा मी बघेन. पण तुम्ही मला सगळ्यांसमोर 'सरक' म्हणालात. मी काय केलं होतं तुमचं?"

काय सांगणार? मटार सोललास, हे?

"काही नाही केलंस," म्हटलं. "मला तुझा मत्सर वाटतो. पहिल्या दिवसापासून."

ती बघतच राहिली. "माझा? कशाचा?"

तिला खरंच माहीत नव्हतं. तेच तर सगळ्यात वाईट.

"खूप आहे. सगळं सांगत बसले तर दूध नासेल," म्हटलं, आणि हातातली पिशवी घेऊन वर आले. ती मागे आली नाही. बरं झालं. तिला राग आलाय, या एका गोष्टीने आज मला किती दिवसांनी तिच्याजवळ उभं राहता आलं.

शुक्रवार, ५ एप्रिल

तिची नवीन नियमावली आली. गोटूवरचा नियम असा. उडी फक्त खाली, एकाच फंक्शनच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका तुकड्याच्या, आत, फक्त बंद करायच्या भागाकडे. वर नाही, बाहेरून लूपच्या आत नाही. स्विचच्या आत ब्रेक लिहिताना तो कशातून बाहेर काढतो ते शेजारी लिहायचं. काही चालू करायच्या आधी रिटर्न खुशाल करा. एकदा मोटर, पाणी, लॉक यातलं काहीही चालू केलं की मधूनच रिटर्न नाही, बंद करायच्या भागातूनच बाहेर.

माझ्यापेक्षा चांगली आहे. वाचताना पेन तोंडात धरून चावला.

मग तिचा नवीन प्रोग्रॅम. दोन दिवस वाचला. प्रत्येक उडीला बोट लावून, कुठून निघते, कुठे पडते. स्वच्छ. शेवटच्या भागात पोचले, जिथे ड्रम थांबायची वाट बघतात. तिथे छोटा लूप. वेग शून्य झाला की बाहेर. आणि फारच वेळ लागला तर अडकून पडू नये म्हणून ब्रेक, तरीही बाहेर. त्याखालची ओळ, दाराचं लॉक सोड.

मी थांबले. लूपमधून बाहेर पडायची कारणं दोन, आणि खालच्या ओळीला त्यातलं कुठलं ते माहीत नाही. वेग मोजणारा सेन्सर बिघडला तर वेळ संपेल, ब्रेक बाहेर काढेल, आणि ड्रम गरगर फिरत असताना दार उघडेल.

पुढची चाचणी दवाखान्यात, यंत्र तिथे बसवून, आणि तीत सेन्सरची वायर काढून बघणार आहेत. तिथली मोठी माणसं असतील. साहेब असतील. मला काहीच करायचं नव्हतं. फक्त 'तपासलं' असं लिहायचं होतं.

मी ते लिहिलंही. अक्षरं पडद्यावर होती. बाहेर कुणाचा तरी फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. मग मला त्या दारातून आत हात घालणारी कुणीतरी दिसली. चेहरा नव्हता तिला. फक्त कोपरापर्यंत ओला हात.

पुसलं. तिच्या टेबलाशी गेले. या वेळी वाकून, हळू.

"या ब्रेकने बाहेर पडलीस. पण का पडलीस ते विचारलं नाहीस. ड्रम थांबला म्हणून, की वेळ संपला म्हणून?"

तिने पाहिलं. वाचलं. तोंडावर हात गेला. "बाई गं."

"वेळ संपला असेल तर दार नाही उघडायचं. घंटा वाजव, लॉक तसंच ठेव, माणूस येऊन बघेल."

"ताई, हे मला दिसलंच नसतं."

"दिसलं असतं. उशिरा."

ती सरकली. मी म्हटलं नव्हतं. अर्ध्या खुर्चीत बसून मी बोट ठेवत गेले आणि तिने लिहिलं.

मंगळवार, १६ एप्रिल

दवाखान्याच्या तळघरातली धुलाईखोली. उकाडा, साबणाचा वास, भिंतीला टेकवलेल्या मळक्या चादरींचे ढीग. यंत्र चालवणारी बाई जाडजूड, बाह्या वर केलेल्या, आम्हा सगळ्यांकडे संशयाने बघणारी. "जुनं बरं होतं," आल्या आल्या म्हणाली.

आधी वायर काढून बघितलं. घंटा वाजली, दार बंदच राहिलं. मग वायर जोडून एका बाजूला भार. ड्रम हेलपाटला, धडधडायला लागला. सगळे मागे सरकले, साहेबसुद्धा. बाई तर दाराबाहेरच गेली. मला मागे जावंसं वाटलं नाही. त्या प्रोग्रॅममधली एकेक उडी माझ्या बोटाखालून गेलेली. कुठली कुठे पडणार, मला ठाऊक होतं.

मोटर बंद झाल्याचा आवाज. ड्रम रेंगाळला, एक सुस्त फेरी, अजून अर्धी, आणि थांबला. पाणी खळखळत गेलं. मग खट्. लॉक सुटलं.

मागे टाळ्या. साहेब तिच्या पाठीवर थाप मारत होते, दवाखान्याचे मोठे डॉक्टर तिचं नाव विचारत होते, आणि कुणीतरी म्हणालं, "एवढ्या लहान वयात!" सगळं ऐकू आलं मला. टोचलं. अजूनही टोचतं, इथे लिहिताना. जाईल असं वाटत नाही.

मी दार उघडलं आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. ब्लँकेट ओलं, मणभर जड, एका कडेला घट्ट बसलेलं. ओढलं तर हलेना. मागे वळून बघितलं. ती डॉक्टरांशी बोलता बोलता माझ्याकडेच बघत होती, माझ्या हाताकडे, पांढरीफटक.

"अगं, बघत काय बसलीस?" मी ओरडले. "ये, दुसरं टोक धर."